बारावी जर्सी

सात गोलांनी हरल्यावर इंगवल्यांच्या घरात चूल पेटणार नाही, असं पेठेतल्या लोकांना वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी इंगवल्यांकडे मटण शिजलं नाही असं फक्त सुतक असलं तरच व्हायचं. शिवाय बैठक होती. उंबराच्या तालमीचा फुटबॉल संघ यापुढे कोणी आणि कसा चालवायचा हे ठरवायला सगळं घर माडीवर जमणार होतं. उपाशीपोटी असले निर्णय घेतले की ते चुकतात, यावर घरात कधी नव्हे ते एकमत होतं. आजवरचे सगळे चुकलेले निर्णय भरल्या पोटी घेतले होते, हे कोणाच्या तरी ध्यानात आणून द्यावं असं कृष्णातला वाटलं, पण तो गप्प राहिला. तो संघाचा कॅप्टन होता आणि गप्प राहायची त्याला सवय झाली होती.

आदल्या दिवशी मैदानावर जे घडलं ते घडवून आणायला इंगवल्यांचंच घर लागतं. तालमीची रीत जुनी होती. सामन्याच्या सकाळी जर्सी मारुतीच्या पायाशी ठेवायच्या, नारळ फोडायचा आणि वस्तादांनी, म्हणजे कृष्णातच्या वडिलांनी, गणपतरावांनी, आपल्या हाताने एकेकाला जर्सी द्यायची. ज्याला वस्तादाच्या हातून जर्सी मिळाली तो खेळणार, बाकीच्यांनी मैदानाबाहेर बसून ओरडायचं. यंदा जर्सी नव्या आल्या होत्या. कागलचे जावई वसंतराव यांनी त्या स्वखर्चाने शिवून घेतल्या, आणि एखादी फाटली तर जवळ असावी म्हणून अकराच्या जागी बारा शिवल्या. कलेक्टर कचेरीत नोकरी करणारा माणूस असा पुढचा विचार करतोच. बाराच्या बारा मारुतीच्या पायाशी गेल्या. आणि देवाच्या पायाशी ठेवलेली वस्तू न वापरता पुन्हा पेटीत टाकणं गणपतरावांच्या हातून या जन्मी होणार नव्हतं. त्यांनी बारा जणांना बारा जर्सी दिल्या. शेवटची मिळाली जावयांच्या आतेभावाला, कोडोलीच्या आण्णाला.

मैदानावर पंचांनी खेळाडू मोजले, पुन्हा मोजले आणि एक जण कमी करा म्हणाले. तिथून पुढे सामन्यापेक्षा रंगतदार खेळ झाला. अध्यक्ष गणपतराव म्हणाले, मी दिलेली जर्सी मी काढून घेत नाही. त्यांचे धाकटे भाऊ, चिटणीस जोतीरामकाका म्हणाले, माझ्या थोरल्याला हात लावून बघा. वसंतराव काहीच म्हणाले नाहीत, फक्त जर्सी कोणी शिवल्या ते शेजारच्या माणसाला सांगत राहिले. कृष्णातने कॅप्टन या नात्याने आण्णाला बाहेर जायला सांगितलं. आण्णाने वसंतरावांकडे पाहिलं आणि वसंतरावांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी अंबादास मास्तर पुढे आले आणि म्हणाले, "मी थांबतो बाहेर, वाद नको." मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, घरातल्या कोणाचे ते कोणी लागत नव्हते, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत तेवढेच एक सभ्य होते. सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की बाहेर चाललेला माणूस आपला गोलकीपर आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा पहिला गोल झाला होता. मग काकांचा थोरला गोलमध्ये उभा राहिला. त्याच्या हातांना दुधाच्या चरवीखेरीज काही धरायची सवय नव्हती, आणि ते त्याने सहा वेळा सिद्ध केलं.

सेंटर हाफ कृष्णातच होता. सातातले बरेचसे गोल त्याच्या बाजूने आले होते, पण गोलकीपर नसल्यावर बाजू कुठली का असेना, असं त्याने रात्री स्वतःला समजावलं होतं. गुडघ्याला आंबेहळद लावून त्यावर फडकं बांधलं होतं. ते त्याने धोतराखाली नीट झाकून घेतलं आणि माडीवर जाऊन बसला.

बैठकीची सुरुवात जावयांनी केली. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, लोकांची मतं टाकून झाली होती, पण उंबराच्या तालमीतलं संस्थान अजून शाबूत होतं, याचं वसंतरावांना फार वाईट वाटायचं.

"देशाला घटना मिळाली," ते म्हणाले, "आणि आपल्या संघाला नाही. अधिकार कोणाला, जबाबदारी कोणावर, काहीच ठरलेलं नाही. म्हणून कालचा प्रसंग ओढवला. मी विचार करून आलोय. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, चिटणीस, सहचिटणीस, आणि खेळाडू निवडायला तिघांची निवड समिती. समितीवर देखरेख करायला एक सल्लागार मंडळ."

"आन बॉल कोन मारनार?" आक्काने विचारलं. ही गणपतरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती, आणि या घरात तिला कोणी गप्प बस म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"खेळाडू मारतील की, आक्का."

"उरलं तर मारतील. आख्खं घर तर तुमी पदावर बसीवलं."

जोतीरामकाका हसले नाहीत. कृष्णातला ते खटकलं, कारण जावयाची फजिती झाली की काका पहिले हसायचे. कृष्णातच्या बहिणीच्या, शालूच्या लग्नात मानाचा फेटा आधी कोणाला बांधायचा यावरून चुलत सासरा आणि जावई यांच्यात जे फाटलं होतं, ते अजून सांधलं नव्हतं. दिवाळीलाही दोघं एकमेकांशी शालूमार्फत बोलायचे. आज मात्र पंगत बसली तशी काकांनी वाढप्याच्या हातातून पळी घेतली आणि जावयाच्या वाटीत स्वतः तांबडा रस्सा ओतला.

"घ्या की, जावईबापू. तुमचं बोलनं मला पटलं बगा. निवड समिती पायजेच. मी एक, तुमी एक, आन तिसरा कोन बी घेऊ. दादांनी अध्यक्ष ऱ्हावं. मान त्यांचाच. त्यांनी नारळ फोडावा, फोटूत मधी बसावं."

म्हणजे मानपानाच्या फेट्याचं भांडण काकांनी एका वाटी रश्श्यात मिटवलं होतं, तेही मोठ्या भावाला फोटोत बसवण्यासाठी. शालूने नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घालून भाकरी मोडायला लागली. जिथे आपण नांदतो तिथलं पारडं जड होत असेल तर पोरीने काय करायचं, हा प्रश्न तिला नवा नव्हता. गणपतराव अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांचं ताट अजून आलं नव्हतं आणि मागवायचीही त्यांना घाई दिसत नव्हती.

"तिसरा माझा आतेभाऊ चालेल," वसंतराव म्हणाले. "आण्णा. त्याला खेळातलं कळतं."

"खेळातलं कळत आसंल," कृष्णात म्हणाला, "पर कुनाच्या वशिल्यानं खेळतोय त्ये त्येला जास्त कळतंय. काल मी भाईर जा म्हनलं तर तुमच्या तोंडाकडं बगत उबा ऱ्हायला."

"किस्ना, पावन्यांस्नी आसं बोलत्यात व्हय?" काका म्हणाले. काल-परवापर्यंत याच पावण्यांना त्यांनी कागलचा कारकुंडा म्हटलं होतं.

कृष्णात पाणी प्यायला म्हणून खाली आला. स्वयंपाकघरात तानाबाई, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. तिचं माहेर पलीकडच्या पेठेत, आणि तिचे भाऊ दगडी तालमीचे. त्याच तालमीने काल सात गोल घातले होते. सकाळपासून या घरात तिच्याशी कोणी सरळ बोललं नव्हतं, जणू गोल तिनेच पदराआड लपवून आणले होते.

"थोरला दादा काल देवळापाशी भेटलाता," ती म्हणाली. "म्हनालाता, दाजींस्नी इचार. आमच्याकडं आलं तर कॅप्टनकी देतो, मधी कोन बोलनार न्हाय."

"आन तू काय म्हनलीस?"

"म्या काय म्हननार? सांगते म्हनलं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "म्हायेरचं हाय म्हनून सांगत न्हाय, पर जाऊ नगासा. माज्या भावांस्नी म्या वळकते. तिथं बी काका हाईत, तिथं बी जावई हाईत. फकस्त रस्सा आमच्याकडं पांढरा बरा असतोय."

कृष्णातला हसू आलं, पण वर जाताना जिन्यावर गुडघ्यात कळ निघाली आणि ते हसू तिथेच राहिलं. माडीवर आता उपाध्यक्ष कोण यावर वाद चालला होता. जावयांच्या कोडोलीच्या आत्याच्या नवऱ्याला काही दिलं नाही तर ते यात्रेला बोलावणार नाहीत, असा मुद्दा निघाला होता.

"आबा, मला बोलायचंय," कृष्णात म्हणाला, आणि बसायला जागा असूनही उभाच राहिला. "संघाला डोकं एकच पायजे. एक मानूस खेळाडू निवडंल. जिंकला तर सगळ्यांचं नाव, हरला तर त्येचं एकट्याचं. बाकीच्यांनी पदं घ्यावीत, नारळ फोडावा, शिट्ट्या माराव्यात, पर जर्शी कुनाला द्यायची त्यात तोंड घालायचं न्हाय. आन त्यो मानूस मी. हे जमत नसंल तर मी दगडी तालमीकडं जातो. तिकडनं सांगावा आलाय."

कोल्हापुरात माणूस भावकीतून वेगळा होतो, शेत वाटून घेतो, एका घरात दोन चुली मांडतो, पण तालीम सोडत नाही. काकांनी पळी खाली ठेवली. शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. वसंतरावांना पहिल्यांदाच घटनेत काय म्हणावं ते सुचेना.

गणपतरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "कुनाला घेनार?" त्यांनी विचारलं.

"जो खेळंल त्येला."

"नातं?"

"बगनार न्हाय."

"वशिला?"

"कुनाचाच न्हाय, आबा. तुमचा बी न्हाय."

म्हाताऱ्याने कमरेची किल्ली सोडली. जर्सीच्या पेटीची किल्ली. ती त्यांच्या कमरेला करगोट्यासारखी कायम असायची, आंघोळीला जातानाही सुटायची नाही. त्यांनी ती कृष्णातसमोर सरकवली.

"घे. आजपास्नं जर्शी तू द्यायची."

इतक्या सहज मिळेल याची कृष्णातला कल्पना नव्हती. भांडायला म्हणून अंगात आणलेलं सगळं बळ तसंच राहिलं. त्याने किल्ली उचलली, आणि तेवढ्यात जोतीरामकाका हसायला लागले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"दादा, सांगू का ह्येला?"

"जोत्या, गप."

"का गप? वशिला बगनार न्हाय म्हनतोय न्हवं? मग पयली जर्शी कुनाची जानार त्ये ठावं आसूंदे की." काका कृष्णातकडे वळले. "दोन वरसं झाली. दर मॅचच्या आदी मी दादाला सांगतोय, किस्नाचा गुडगा गेलाय, त्येला बसीवा. जावईबापूंनी सांगितलं. मास्तर बिचारा, त्यो बी लाजत लाजत बोलून गेला. दादा समद्यांचं ऐकून घेतोय आन सकाळी पयली जर्शी तुज्या हातात देतोय. आमी वशिल्याचं, व्हय रं? ह्या घरात सगळ्यात थोरला वशिला तुजा हाय, लेका. आध्यक्षाचा."

पहिली जर्सी आपल्यालाच मिळायची हे खरं होतं. ती कॅप्टनचा मान म्हणून मिळते असं कृष्णात समजत आला होता. त्याने बापाकडे पाहिलं. गणपतराव अडकित्त्यात नवी सुपारी धरत होते. त्याने आक्काकडे पाहिलं, कारण आक्का कोणाला सोडत नाही, काका खोटं बोलत असतील तर ती त्यांची आत्ता सालटी काढेल. आक्का ताटातलं मीठ बोटाने सारखं करत बसली होती. तेव्हा कृष्णातला कळलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की किल्ली मुठीत घेऊन तो तसाच उभा राहिला.

"जेवा," गणपतराव म्हणाले. "रस्सा थंड व्हालाय."

त्या दिवशी बैठकीत उपाध्यक्ष दोनाचे तीन झाले, एवढं मात्र सर्वानुमते ठरलं.

रात्री गुडघ्याला तेल लावताना कृष्णातने तानाबाईला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"त्याल कोन चोळतंय रोज?" ती म्हणाली. "मला न्हाय तर कुनाला म्हाईत आसनार?"

"मग बोलली का न्हाईस?"

"घरात एवडी मानसं तुमच्याबद्दल बोलालती. म्हनलं, आपल्या एकटीचं तरी ऐकायला लागू नये." आणि तिने हात जरा हलका केला.

पुढचे काही दिवस कृष्णात सरावाला जाऊन सगळ्यांना पारखत होता, असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर तो एकट्या आण्णाला बघत होता. हा पोरगा वाईट निघावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. चेंडूमागे नुसता धावणारा, जावयाच्या जिवावर मिरवणारा निघाला असता तर किती बरं झालं असतं. पण आण्णा शांतपणे चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचा आणि नेमका जिथे माणूस मोकळा आहे तिथे द्यायचा. हे कृष्णातला दहा वर्षांपूर्वी येत होतं. एका संध्याकाळी दोघं समोरासमोर आले. आण्णा चेंडू घेऊन आला आणि कृष्णातजवळ पोचताना त्याने वेग कमी केला. मुद्दाम केला, थोरल्या माणसाला पडू द्यायचं नाही म्हणून. कृष्णातने त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. बघणाऱ्यांनी वाहवा केली, आणि त्या वाहवेने त्याला काकांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या सामन्याच्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी तालमीत गेला. पेटी उघडली, मोजून अकरा जर्सी काढल्या आणि मारुतीच्या पायाशी रचल्या. बारावी पेटीतच ठेवून झाकण लावलं. कुलूप लावायचं मात्र राहून गेलं. लोक जमले. तिन्ही उपाध्यक्ष नव्या टोप्या घालून आले. आखाड्याच्या तांबड्या मातीला कोणाचे पाय लागू नयेत म्हणून सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. गणपतरावांनी नारळ फोडला, पाणी मारुतीवर शिंपडलं आणि ते कडेच्या बाकावर जाऊन बसले. या बाकावर त्यांना अशा वेळी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

कृष्णातने पहिली जर्सी उचलली. "मास्तर."

अंबादास मास्तरांनी मागे वळून पाहिलं, कारण मास्तर नावाचं दुसरं कोणी मागे उभं असेल असं त्यांना वाटलं. पहिल्या जर्सीचा मान नात्याबाहेर पहिल्यांदाच चालला होता.

"आज देवानं जरी सांगितलं तरी गोल सोडून भाईर यायचं न्हाय," कृष्णात म्हणाला.

"नाही येणार," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी जर्सी कपाळाला लावली.

मग एकेक नाव झालं. काकांच्या थोरल्याचं नाव आलं नाही. काकांनी तोंड उघडलं, पण पुतण्याचा चेहरा बघून मिटलं. शेवटची जर्सी हातात राहिली. सेंटर हाफची, म्हणजे कृष्णातची स्वतःची जागा अजून द्यायची होती. वसंतरावांनी आभाळाकडे बघायचा प्रयत्न केला, पण वर तालमीचं छप्पर होतं.

"आण्णा," कृष्णात म्हणाला.

आण्णा दाराजवळ होता. तो आला, त्याने दोन्ही हात पुढे केले, पण कृष्णातच्या बोटांतून जर्सी सुटेना. ती सोडायची हे त्याने ठरवलं होतं, रात्रभर ठरवलं होतं, आणि तरीही आण्णाला ती जराशी ओढावी लागली. मग ती सुटली. कृष्णातचे हात मोकळे झाले, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. तो मारुतीला नमस्कार करायला वळला, तर पायाशी आणखी एक जर्सी होती.

त्याने ती ठेवली नव्हती. नारळ फोडायला वाकलेल्या म्हाताऱ्याने ती कधी ठेवली ते कोणाला दिसलंही नव्हतं. कृष्णातने ती उचलली आणि पेटीकडे निघाला.

"पेटीत टाकू नगंस," बाकावरून गणपतराव म्हणाले. "देवाच्या पायाची हाय."

"अकरा झालं, आबा."

"मोजता येतंय मला. गेल्या बारीला बी येत व्हतं." "तुला काढायचं माज्या हातनं व्हईना, किस्ना. वस्ताद म्हनून दिसत व्हतं, बाप म्हनून हात उचलंना. त्ये तूच केलंस. आता ती घाल आंगात, आन मैदानावर माज्या शेजारी येऊन बस. आत पळत पळत वरडत व्हतास, तवा तुजं कोन आयकत न्हवतं. भाईरनं वरडून बग."

कृष्णातने सदऱ्यावरूनच जर्सी चढवली. डोकं आत असताना त्याने जरा जास्त वेळ घेतला, आणि तालमीतल्या सगळ्यांनी तो त्याला घेऊ दिला. तेवढ्यात वसंतराव घसा खाकरून म्हणाले की ही तरतूद चांगली आहे, पण घटनेत या पदाला काय म्हणायचं ते एकदा ठरलं पाहिजे.

"किस्ना," गणपतराव म्हणाले. "किस्ना लिवा."